परसातला शनी



कीर्तनकाराची रात्र नऊ ते अकरा अशी बांधलेली असते. सप्ताह मराठवाड्यात असो की मावळात, हरिपाठ आटोपला, पंगती उठल्या, की नऊला उभे राहायचे. अकराच्या पुढे आरती, मग कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकायची आणि पहाटे काकड्याच्या टाळांनी जागे व्हायचे. ४४ वर्षे मी हेच केले. सत्तरी गाठली आणि घशाने साथ सोडली. डॉक्टर म्हणाले, महाराज, यापुढे दहा मिनिटांच्या वर बोलायचे नाही. मी ऐकले. पण देहाला ते कोण सांगणार? नऊ वाजले की डोळे टक्क उघडे. घरातल्या घरात येरझाऱ्या घालू लागलो, तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "भिंतींना निरूपण सांगण्यापेक्षा परसात जाऊन बसा. मला तरी झोपू द्या."

परसात बसले की वर आकाशच. आमचे गाव भीमेच्या खोऱ्यात, पंढरपूरपासून फार लांब नाही. परस म्हणजे शेवग्याचे एक झाड, धुण्याचा दगड, सरपणाचा ढीग आणि पलीकडे ज्वारीचे रान. लहानपणी वडिलांबरोबर रात्रीच्या पाण्याला जायचो, तेव्हा त्यांच्यापाशी घड्याळ नव्हते. तिकांडे कुठवर चढले ते पाहून ते दारे मोडायचे. सप्तर्षी त्यांच्या लेखी म्हातारीची बाज होती आणि शेपटाचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवणारे तीन चोर. पुढे आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली. त्या दिवसांत पंचांग वाचायला शिकलो, सत्तावीस नक्षत्रे क्रमाने पाठ झाली. वडिलांचे तिकांडे म्हणजेच पंचांगातल्या मृगाच्या पोटातला बाण, ही गाठ मात्र या परसात बसून रोजच्या रोज पाहू लागलो तेव्हा पक्की बसली.

दुर्बीण आली ती नातवामुळे. तो पुण्यात शिकायला आहे. पुण्यात आकाशाची हौस जुनी आहे. तिथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झालेली, आणि अलीकडे आयुकासारखी मोठी संशोधन संस्थाही तिथेच आहे. नातवाने एका शिबिरात आरसा घासण्याची विद्या उचलली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मे काम आमच्या परसात आणले. वाचकांनी हा प्रकार पाहिला नसेल, म्हणून थोडे सांगतो. सहा इंच रुंदीच्या दोन जाड काचेच्या चकत्या. एक पिंपावर घट्ट बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची. मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची खरखरीत पूड. वरची काच पुढे ढकलायची, मागे ओढायची, किंचित फिरवायची, आणि दर काही हातांनंतर आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे. एवढेच. साचा नाही, यंत्र नाही. घासता घासता वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. दिवसांमागून दिवस पूड बारीक करत न्यायची, शेवटी काळ्या डांबरी लेपावर सेरियम ऑक्साइड लावून झिलई द्यायची. मग एक बारीक दिवा आणि दाढीचे पाते घेऊन आरशावरच्या सावल्या तपासायच्या. त्यात केसाच्या हजाराव्या भागाइतका उंचसखलपणा कळतो. तीन दिवस मी नुसता पाहत होतो. चौथ्या दिवशी राहवेना, विचारले, "अजून किती?" तो म्हणाला, "आजोबा, मृदंग लावताना बुवांना तुम्ही कधी विचारलंत का, अजून किती?" मी गप्प बसलो आणि चहा सांगितला.

आरशाला शहरातून ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन आणला. पाण्याच्या जाड पाइपाची चार फुटी नळी केली. गावच्या सुताराने फळ्यांची एक पेटी बनवली. त्या पेटीत नळी तोफेसारखी वरखाली होते आणि पेटी बुडावर गोल फिरते. ना दात्यांची चाके, ना मोटार.

ही पेटीची रीत ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या जॉन डॉब्सनची कथा आपल्या लोकांनी ऐकण्यासारखी आहे. हा माणूस १९१५ साली चीनमधल्या पेकिंगला जन्मला, वाढला अमेरिकेत. रसायनशास्त्र शिकला आणि १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात जाऊन राहिला. रामकृष्ण-विवेकानंदांच्या परंपरेतला तो मठ. तिथे याने २३ वर्षे काढली. जवळ पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडक्यांच्या गोल काचा मिळवून आरसे घासले, नळीला पुठ्ठा वापरला, पेटीला फळकुटे. रात्री दुर्बीण ढकलत रस्त्यावर न्यायची, पोरे-माणसे गोळा करायची आणि म्हणायचे, या, शनी पाहा. मठाच्या शिस्तीत ते बसेना. १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मठाचे बरोबर की त्याचे, याचा निवाडा मी करणार नाही. फडाची शिस्त म्हणजे काय हे मला ठाऊक आहे आणि एकट्याची ओढ म्हणजे काय हेही. पुढच्याच वर्षी त्याने सोबत्यांना घेऊन फुटपाथवर दुर्बिणी मांडणाऱ्यांचे मंडळ काढले. आपल्या रचनेचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने करावी. २०१४ साली, ९८ वर्षांचा होऊन गेला. आमच्या सुताराला मी हे सांगितले, तेव्हा त्यानेही पेटीची मजुरी निम्मीच घेतली.

आता दुर्बिणीतून दिसते काय, हे सांगण्याआधी दिसत कसे नाही ते सांगितले पाहिजे, कारण नवा माणूस तिथेच निराश होतो. उजेडातून उठून एकदम आयपीसला डोळा लावला तर काळोखाशिवाय काही लागत नाही. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्यावा लागतो. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला की तो अर्धा तास वाया. म्हणून आमच्या बॅटरीला लाल कागद लावलेला आहे, लाल उजेडाने डोळा फारसा बिघडत नाही. दुसरी गोष्ट अधिक नवलाची. फार फिकट वस्तू थेट पाहिली की नाहीशी होते, आणि नजर जराशी बाजूला ठेवली की ती उमटते. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचा भाग मंद उजेडाला जास्त जागा असतो, म्हणून असे होते. देवयानीतली दीर्घिका मी अशीच दाखवतो. तिथला प्रकाश निघून २५ लाख वर्षे झाली. समोर मात्र फुंकर मारलेल्या राखेसारखा एक डाग. पोरांना सांगावे लागते, तिच्याकडे बघू नका, शेजारी बघा. परमार्थातले दृष्टांत इथे हात जोडून उभे राहतात, हे मी जाणतो, पण ते वाचकांवर सोपवतो. माझा धंदाच दृष्टांताचा होता, आता जरा सुट्टी.

तिसरे असे की वस्तू थांबत नाही. शंभर-सव्वाशे पट मोठे करणारे आयपीस लावले की तारा दोन मिनिटांच्या आत एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने निघून जातो. नवीन माणूस म्हणतो, तुमची दुर्बीण हलते. दुर्बीण जागच्या जागी असते. आपण, पाट, परस आणि ज्वारीचे रान पूर्वेकडे चाललेले असते. पृथ्वी फिरते हे मी शाळेत शिकलो होतो, पण तिचा वेग अंगाला कळला तो या परसात. माउलींनी चौथ्या अध्यायात न चालणाऱ्या सूर्याच्या चालण्याचा दृष्टांत दिला आहे. त्यावरून काही अभ्यासक आपल्याकडे हे शास्त्र आधीच होते असे मोठ्याने सांगतात. मला ती ओढाताण आवडत नाही. माउली तिथे कर्म आणि अकर्म समजावत आहेत. दृष्टांताने सिद्धांत सोपा करावा, त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

चष्म्याचे विचारणारे पुष्कळ असतात. लांबचा किंवा जवळचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून ठेवावा आणि आयपीसचे बटण फिरवून चित्र स्पष्ट करावे, दुर्बीण तुमचा नंबर सांभाळून घेते. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, डाव्याचा अजून आहे. अभिजिताचा तारा उजव्या डोळ्याने निळसर पांढरा दिसतो आणि डाव्याने लोण्यासारखा पिवळट. कुणाला मोतीबिंदू म्हणजे काय हे समजावायचे तर मी हेच सांगतो.

चंद्राबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण आपण वारकरी तिथीने जगणारी माणसे. पुष्कळांना वाटते, पौर्णिमेला दुर्बीण लावावी. पौर्णिमेला चंद्रावर ऊन डोक्यावरून पडते, सावली नसते, सगळे पिठूळ दिसते. संकष्टीचा चंद्रही त्यातलाच. खरा चंद्र शुद्ध सप्तमी-अष्टमीचा. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर तिथे सकाळ झालेली असते आणि डोंगरांच्या सावल्या मैलोगणती पडलेल्या असतात. एखाद्या शिखराचा माथा तेवढा उन्हात आणि पायथा अंधारात, असा एकटा ठिपका काळोखात चमकतो. दशमी-एकादशीला वरच्या बाजूला एका अर्धगोल डोंगररांगेवर ऊन येते आणि अंधारात सोन्याची कडी लटकल्यासारखी दिसते. माझी एकादशीची रात्र आता त्या कडीशिवाय जात नाही.

आणि अरुंधती! वैशाखातल्या लग्नात भर दुपारी गुरुजी आकाशाकडे बोट करतात, नवरानवरी मान डोलावतात आणि सगळे हसतात. रात्री येऊन पाहा म्हणावे. वसिष्ठाशेजारची अरुंधती चांगल्या डोळ्याला नुसतीही दिसते. पण दुर्बीण लावली की वसिष्ठ स्वतःच दोन निघतो, दोन तारे अगदी चिकटून. गावातल्या एका नव्या जोडप्याला हे दाखवले तेव्हा नवरी म्हणाली, "म्हंजी अरुंधती येण्याआधीच घरात दोघं होते व्हय? सासू असंल." उत्तर माझ्यापाशी नव्हते.

कार्तिकाच्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांपाशी असतो, म्हणून तर महिन्याचे नाव कार्तिक. डोळ्याला सहा तारे मोजता येतात. आमच्या दुर्बिणीत कमी ताकदीचे आयपीस लावून पाहिले की त्या पुंजक्यात मोजता मोजता नजर थकते. तो प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे ४४० वर्षे झाली. म्हणजे तो निघाला तेव्हा पैठणला नाथमहाराज देहाने होते. मृगाच्या तिकांड्याखाली एक धुरकट ढग आहे, त्याचा प्रकाश तर १३०० वर्षांहून जुना, ज्ञानेश्वरीच्याही सहा शतके आधी निघालेला. मी नाथषष्ठीला पैठणला कित्येक वर्षे गेलो. पण नाथांच्या काळातले काही ताजे, आत्ता येऊन डोळ्याला लागलेले असे मला मिळाले ते कृत्तिकांकडून.

गुरूचे चार चंद्र पाहताना मला गॅलिलिओपेक्षा आपली माणसे जास्त आठवतात. १६१० च्या जानेवारीत त्याने ते इटलीत पाहिले, तेव्हा तुकोबाराय देहूत लहान मूल असतील. गुरूला बारा राशी फिरायला बारा वर्षे लागतात, तो सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. लाखो माणसे गोदावरीत उतरतात. त्यातल्या कितीजणांनी मान वर करून विचारले असेल, की ज्याच्यासाठी आलो तो गुरू आहे तरी कुठे? टोमणा मारत नाही. मीही सिंहस्थात नहालो आहे, आणि आकाश पंचांगात बंद करून ठेवण्याची सवय सगळ्यांचीच.

ही सवय कुठे जाऊन पोचते, ते आता सांगतो.

आमच्या आळीत एक आक्का आहेत. साठीच्या, विधवा, माळकरी, आषाढीची वारी न चुकवणाऱ्या. त्यांच्या एकुलत्या मुलाचा ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीत पालटला. जीव वाचला, मांडीचे हाड मोडले. दवाखान्यात होते नव्हते ते गेले. तशात तालुक्याच्या गावी कुणी एकाने पत्रिका पाहून सांगितले की तुमची रास कुंभ, साडेसातीची मधली अडीच वर्षे चालू आहेत, हा घाव तिचाच, आणि पुढचा याहून मोठा असेल. शांत करावी लागेल. खर्च २१ हजार. आक्कांच्या हातात दोन पाटल्या राहिल्या होत्या, सासूने घातलेल्या. त्या मोडायच्या त्यांनी ठरवल्या होत्या, पण मोडण्याआधी त्या मला विचारायला आल्या. २०२३ चा कार्तिक वद्य होता. दिवेलागण झाली होती आणि मी परसात दुर्बीण मांडतच होतो.

फलज्योतिषाचा वाद मला घालता येतो. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष दोन्ही येतात. पण समोरच्या बाईला वाद नको होता, तिला रात्री झोप हवी होती. मी म्हणालो, "आक्का, ज्याला एवढे पैसे द्यायचे त्याला आधी बघून तरी घ्या." चंद्र उगवायला अवकाश होता. शनी नैऋत्येला झुकत चालला होता, पंचांगाप्रमाणे कुंभेतच. मी तो धरला आणि पाट सरकवला.

आक्कांनी पदराने डोळा पुसला आणि वाकल्या. पहिल्यांदा काहीच लागले नाही. मग एकदम त्यांचा श्वास थांबल्याचे मला कळले.

"एवढासा व्हय?"

एवढासाच दिसतो. लाडवातल्या बेदाण्याइतका, पिवळसर, आणि भोवती ते कडे. छायाचित्रांत कितीही पाहिलेले असो, आपल्या डोळ्यात त्याचा स्वतःचा उजेड येतो तेव्हा माणूस दचकतोच. "हातात पाटली घातल्यावानी दिसतंय," त्या म्हणाल्या. शनी सरकत बाहेर गेला, मी नळी ढकलून पुन्हा आणला. असे पाच-सहा वेळा झाले. त्या हटेनात.

मग मी त्यांना हिशेब सांगितला, तो वाचकांनाही सांगतो. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत तो अडीच वर्षांच्या आसपास राहतो. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची धरली की अडीच त्रिक साडेसात. साडेसातीचे सगळे गणित एवढेच. बारांपैकी तीन राशी म्हणजे चौथा हिस्सा. जगातल्या दर चार माणसांत एकाला आज, उद्या, केव्हाही साडेसाती चालूच असते. आपल्या गावची वस्ती २४०० धरली तर ६०० जणांना.

आक्कांनी डोळा वर केला. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "मग सहाशे ट्रॅक्टर पालटाया पायजेल हुते."

हे मी म्हणालो नाही, त्याच म्हणाल्या. मी ४४ वर्षे कीर्तन केले, पण श्रोत्याने स्वतःहून असा उत्तरपक्ष मांडलेला क्वचितच पाहिला. त्यांचा ट्रॅक्टर का पालटला हे गावात सगळ्यांना माहीत होते. दोन ट्रॉल्या, प्रमाणाबाहेर ऊस आणि मागे एकही दिवा नाही.

पण माउली, भीती गणिताने जात नाही. ती थोडी मागे सरते आणि दुसऱ्या दाराने येते. आक्का पुन्हा वाकल्या आणि पाहता पाहता त्यांनी जे विचारले ते मला आजवर कुणी विचारले नव्हते.

"त्याला आपण दिसतो का ओ, म्हाराज?"

भ्यालेल्या माणसाचा प्रश्न हाच असतो. मी त्याला पाहिले हे ठीक. त्याची नजर माझ्यावर आहे का?

त्याचे उत्तर असे. कॅसिनी नावाचे एक यान २००४ पासून २०१७ पर्यंत शनीभोवती फिरत होते. सूर्य शनीच्या आड गेला असताना, त्याच्या सावलीतून, यानाने मागे वळून कड्यांचे छायाचित्र घेतले. त्यात कड्यांच्या खाली एक फिकट निळा ठिपका आहे. ती पृथ्वी. अंतर सुमारे १४४ कोटी किलोमीटर, प्रकाशालाही तिथवर जायला सव्वा तासाहून जास्त लागतो. छायाचित्र घेणार हे आधी जाहीर केले होते आणि लोकांना सांगितले होते की त्या घडीला आकाशाकडे पाहून हात हलवा. तारीख १९ जुलै २०१३. नातवाने हे मला सांगितले तेव्हा तारीख ओळखीची वाटली. जुनी पंचांगे मी टाकत नाही. शके १९३५ चे काढून पाहिले. शुक्रवार, आषाढ शुद्ध एकादशी.

ती वेळ आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यानंतरची. घड्याळाने २० तारीख लागली होती, पण आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, तेव्हा ती रात्र एकादशीचीच. मी त्या रात्री पंढरीत एका मठात जागराला होतो. टाळकऱ्यांच्या डोळ्यांवर झापड आली होती, तरी पाय चुकत नव्हते. बाहेर दर्शनबारी हलत होती. चंद्रभागेच्या वाळवंटात माणसांवर माणसे झोपली होती.

आक्का म्हणाल्या, "मी बी हुते की त्या साली. दिंडीत."

"होता ना?"

"म्हंजी मी बी आले त्या फोटूत?"

"आलात. मी आलो, तुम्ही आलात, पांडुरंगाचं राऊळही आलं. सगळे मिळून एवढा एक ठिपका."

खरे तर त्या घडीला आपल्याकडून शनी मावळलेला होता, पृथ्वीची आपली बाजू त्याच्याकडे नव्हती. हे मी त्यांना सांगितले नाही, तुम्हाला सांगतो. ज्या चित्रात सबंध पृथ्वीच एका ठिपक्यात मावली, तिथे या बाजूचा न् त्या बाजूचा हिशेब कोण करणार?

पाटल्या मोडल्या नाहीत. आक्का शनिवारी मारुतीला तेल अजून घालतात, मी त्यावर कधी बोललो नाही. माणसाने घाबरून पाटल्या मोडणे वेगळे आणि देवापुढे पळीभर तेल घालणे वेगळे. मुलाचे हाड सहा महिन्यांनी जुळले. थोडा लंगडतो. त्याने पहिल्यांदा काय केले असेल, तर ट्रॉलीला मागे लाल दिवे लावले.

त्यानंतर आमच्या परसात गर्दी वाढली. साडेसातीवाल्यांना मुहूर्त लागत नाही, रोज कुणी ना कुणी. शनिवारी शाळेची पोरे येतात. त्यांना पहिला नियम, दिवसा नळीला हात लावायचा नाही. सूर्याकडे चुकूनही रोखली तर क्षणात डोळा जातो, म्हणून दिवसा झाकण आणि वर पोते. मात्र गर्दी वाढली तसे आकाश कमी झाले. देवळापुढच्या चौकात हायमास्ट दिवा बसला. एका रात्रीत देवयानी गेली, आकाशगंगा गेली, कृत्तिका चार उरल्या. वारीच्या वाटेवर, जेष्ठाच्या अखेरीस ढग फाकले की मुक्कामाच्या माळावरून आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायची, तेही गेले; आता तंबूगणिक जनरेटर आहे. विदर्भात पेंचच्या जंगलात २०२४ साली अंधार राखण्याचे क्षेत्र जाहीर झाले. वाघासाठी राखलेल्या जंगलात रात्रही राखली हे छान झाले, पण आमच्या पोरांनी पेंचला कधी जायचे? मी दिवा बंद करा म्हणालो नाही. रात्री बायाबापड्यांना उजेड हवाच. एवढेच म्हटले, उजेड रस्त्यावर पाडा, ढगांना काय करायचाय? वर्षभर हो-हो झाले. शेवटी गावच्या वेल्डरने पत्र्याच्या टोप्या करून चारपैकी दोन दिव्यांना बसवल्या. खालचा उजेड उलट वाढला. उरलेल्या दोन टोप्या अजून त्याच्या दुकानात आहेत. त्या बाजूला मी पोत्यांचा आडोसा बांधला आहे.

शनीला मात्र हायमास्टने काही होत नाही, तो भर उजेडातही दिसतो. २०२५ च्या कार्तिकात आक्का परत आल्या, या वेळी मुलाला घेऊन. मी आधीच बजावले, यंदा तो वेगळा दिसेल. शनीचे कडे बर्फाच्या तुकड्यांचे, लाखो किलोमीटर पसरलेले पण अतिशय पातळ. त्याच्या अर्ध्या फेरीला, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांनी एकदा, ते आपल्याला बरोबर धारेवर दिसते. २०२५ च्या मार्चमध्ये तसे झाले होते आणि कार्तिकातही ते जवळजवळ धारेवरच होते. गॅलिलिओलासुद्धा याने चकवले. १६१० मध्ये त्याला शनी तीन गोळ्यांचा वाटला, दोन वर्षांनी पाहतो तो बाजूचे दोन गायब. ते कडे आहे हे पुढे हायगेन्सने उलगडले. माझ्या ७४ वर्षांत शनीच्या अडीच फेऱ्या झाल्या, म्हणजे हे कडे माझ्या देखत पाच वेळा मिटले असेल. मला त्यातले एकच पाहायला मिळाले.

आक्का वाकल्या. पिवळा ठिपका आणि त्यातून आरपार गेलेली सुईसारखी बारीक रेघ, एवढेच होते.

"पाटली काढून ठेवली का ओ ह्यानं?"

मी म्हटले, काढली नाही, नुसती आडवी धरली आहे. दरवर्षी थोडीथोडी उघडेल. पुरती उघडलेली दिसायला २०३२ उजाडेल.

त्यांनी बोटांवर मोजले. "सात वर्सं." पुन्हा मोजले. "म्हंजी आता त्यालाच साडेसाती लागली म्हणा की."

मुलगा हसला. त्या पाटावरून उठल्या आणि त्याला म्हणाल्या, बस, आणि पाय नीट लांब कर.